एक नाणं, एकवीस तिजोऱ्या

वाचकांचे प्रश्न

बँकेच्या परकीय चलन विभागात मी सव्वीस वर्षं काढली. त्यामुळे या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक घरकर्जाच्या हप्त्यांची नाहीतर मुदत ठेवींची असतात. या महिन्यात मात्र चार पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी आली, अनेक देशांनी मिळून वापरायचं एकच चलन. निमित्त बल्गेरियाचं. १ जानेवारी २०२६ पासून तिथला लेव्ह जाऊन युरो आला आणि युरो वापरणारे देश एकवीस झाले. म्हणून या वेळी हप्त्यांना सुट्टी.

प्रश्न : ताई, आम्ही नऊ वर्षं गोथेनबर्गला आहोत. दोन वर्षांपूर्वी स्वीडिश नागरिकत्व घेतलं. बल्गेरियाने युरो घेतल्यापासून ऑफिसात कॉफीच्या सुट्टीत रोज एकच वाद चालतो, स्वीडननेही घ्यावा का? माझा नवरा म्हणतो घ्यावा. स्पेनला सुट्टीत गेलं की खिसा कापला जाणार नाही, भारतात पैसे पाठवताना क्रोना कधी घसरेल ही धाकधूक नको. शेजारचे आजोबा म्हणतात, ग्रीसचं काय झालं ते पाहिलंस ना? उद्या पुन्हा सार्वमत झालं तर मी मत कुणाला द्यावं?
– एक वाचक, गोथेनबर्ग

उत्तर : ताई म्हणालीस, तेव्हा अहो-जाहो करत नाही. उत्तर आधी सांगून टाकते. माझं मत तिथे असतं तर मी 'नको' म्हटलं असतं. पण तुझा नवरा चुकतोय म्हणून नव्हे. त्याचा हिशेब चोख आहे. २०१३ च्या आसपास एक युरो साडेआठ क्रोनांना मिळायचा. २०२३ च्या सप्टेंबरात त्याच युरोला जवळजवळ बारा क्रोना मोजावे लागत होते. म्हणजे स्पेनमधली तीच खोली, तोच समुद्र, आणि बिल दीडपटीला टेकलेलं. हे नुकसान खरं आहे आणि ते तुम्ही सोसलंय.

आता मी सोसलेलं सांगते. १६ सप्टेंबर १९९२. आमचा विभाग फोर्टात होता. हर्षद मेहता प्रकरणाला जेमतेम पाच महिने झालेले, साध्या व्हाउचरवर सही करायलाही लोक दोनदा चष्मा पुसायचे. त्या दिवशी रॉयटर्सच्या पडद्यावर ओळ उमटली, स्वीडनच्या रिक्सबँकेने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर ५०० टक्के केला. मी साहेबांना म्हटलं, "एक शून्य जास्त पडलंय." साहेब म्हणाले, "दोन पडली असतील." दहा मिनिटांनी तीच ओळ परत आली. शून्य एकही जास्त नव्हतं.

झालं होतं असं. स्वीडनने आपला क्रोना युरोपातल्या चलनांच्या एका टोपलीशी बांधून ठेवला होता. ही गाठ सुटणार याची बाजाराला खात्री पटली, तेव्हा जो तो क्रोना उसना घेऊन विकायला लागला. उद्या स्वस्तात परत घेऊ, मधला फरक खिशात. हे थांबवायचं तर उसना क्रोनाच इतका महाग करायचा की कुणी घेऊ नये. म्हणून ५००. दोन महिने गाठ टिकली. १९ नोव्हेंबरला त्यांनी हात टेकले आणि क्रोना बाजाराच्या हवाली केला. तो धाडकन आपटला, पुढच्या काही महिन्यांत शेकडा वीसच्या आसपास खाली.

त्याच वेळी कोल्हापूरचा आमचा एक ग्राहक होता. फाउंड्रीवाला, बिडाचे सुटे भाग स्वीडनला पाठवायचा. बिल क्रोनांत, नव्वद दिवसांच्या मुदतीचं. दर आधीच बांधून घ्या असं मी त्याला म्हटलं होतं. प्रीमियम वाचवायचा म्हणून त्याने घेतलं नाही. फेब्रुवारीत पैसे आले तेव्हा तो माझ्या टेबलासमोर बसला, पावती उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "मॅडम, माल तर तोच होता की ओ." माल तोच होता. क्रोना तो नव्हता.

कोल्हापूरकराच्या खिशातून जे गेलं, ते स्वीडनमधल्या कुणाच्या तरी कामी आलं. त्यांचा माल जगाला एकदम स्वस्त पडू लागला. आपल्या चिंचवडची एसकेएफ, दापोडीची सँडविक ज्यांची, त्या कंपन्यांना परदेशी मागणी मिळाली. स्वीडनच्या बँका तेव्हा बुडायला आल्या होत्या, बेकारीही भयंकर वाढली, ते कुणी लपवत नाही. पण चलन पडलं की नुकसान सगळ्यांत थोडं थोडं वाटलं जातं. प्रवाशाला सुट्टी महाग, गृहिणीला कॉफी महाग, परदेशी विक्रेत्याला कमी पैसे. कुणा एकाच्या पानात सगळं कडू पडत नाही.

आता पलीकडे फिनलंडकडे बघ. त्याच सप्टेंबरात त्यांनीही आपलं चलन, मार्का, असंच बाजारावर सोडलं होतं आणि त्यांचीही निर्यात सावरली. पुढे १९९९ ला ते युरोत गेले. २०१० नंतर नोकियाचे फोन बसले, वर्तमानपत्राच्या कागदाची मागणी आटली, शेजारच्या रशियाचं गिऱ्हाईक दुबळं झालं. या वेळी सोडायला मार्का नव्हता. मग काय केलं? २०१६ ला सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी मिळून करार केला की सगळ्यांनी वर्षाला २४ तास जास्त काम करायचं, तेवढ्याच पगारात. नाण्याची किंमत उतरवता येत नाही, तेव्हा माणसाच्या तासाची उतरवावी लागते. फिनिश लोक शिस्तीचे, त्यांनी ते केलं. आपल्याकडे एखाद्या सहकारी बँकेत हा करार मांडून दाखवा, मी हार घेऊन येते.

जमलं तर कधी हापारांडाला जाऊन ये. गोथेनबर्गहून लांब आहे, देशाचं दुसरं टोक म्हण ना. नदीपलीकडे फिनलंडचं तोर्निओ. इकडे क्रोना, तिकडे युरो, घड्याळही एक तास पुढे. हापारांडातल्या इकेआत दोन्ही चलनं चालतात. तिथल्या लोकांना विचार की चलन बदललं तर काय बदलेल. ते बहुधा खांदे उडवतील. चांगल्या दिवसांत खरंच काही बदलत नाही. वाईट दिवसांत बदलतं, आणि त्याचा अंदाज घ्यायला तुझ्या आजोबांचा ग्रीस उपयोगी पडतो, पण ते सांगतात त्या अर्थाने नाही.

जुलै २०१५ मध्ये मी अथेन्सला होते. पुण्याहून निघालेल्या सहलीत आम्ही चौतीस जण, सरासरी वय पासष्ट, प्रत्येकाच्या पिशवीत भाकरवडी. देश कर्जात बुडालेला, सरकारने बँका बंद केल्या होत्या. ग्रीक माणसाला एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळत होते. वीसच्या नोटा संपल्या होत्या, त्यामुळे खरं तर ५०च. सिंटाग्मा चौकाजवळच्या रांगेत माझ्यापुढे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. यंत्राने त्यांना पन्नासची एक नोट दिली. त्यांनी ती घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशावरून हात फिरवला. मग माझी पाळी. माझं कार्ड भारतीय बँकेचं आणि मर्यादा परदेशी कार्डांना नव्हती. मी दोनशे काढले. यंत्राने काहीही न विचारता दिले. त्या गृहस्थांनी मागे वळून नोटा मोजणाऱ्या माझ्याकडे पाहिलं, चिडून नव्हे, नुसतंच पाहिलं. मी नोटा घाईघाईने पर्समध्ये कोंबल्या. त्या दिवशी ज्याच्या देशाचं चलन त्याला पन्नास, आणि लातूरच्या बाईला दोनशे.

का? कारण ते चलन त्याच्या देशाचं नव्हतंच. त्याचा देश ते वापरत होता. नोटा किती छापायच्या, बँकांना आधार द्यायचा की नाही, हे फ्रँकफर्टला, युरोपीय मध्यवर्ती बँकेत ठरत होतं. ग्रीसने तुटीचे आकडे लपवले होते, कर बुडवले होते, सगळं मान्य. पण स्पेनने काय लपवलं होतं? २००८ च्या आधी स्पेन सरकारचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांच्याही खाली होतं, जर्मनीपेक्षा कमी. व्याजदर मात्र एकच, सगळ्यांना. जर्मनीला मंदीत जो दर बेताचा वाटत होता तोच स्पेनला फुकटात पडत होता. त्यावर घरं बांधली, फुगा फुटला आणि बँका बुडाल्या. शहाण्यासारखं वागणाऱ्यालाही जोडे खावे लागले.

आपल्याकडेही चलन एकच आहे की, मग आपलं का चालतं? कारण आपल्याकडे तिजोरीही बऱ्यापैकी एक आहे. केंद्राचे कर वाटून देताना पंधराव्या वित्त आयोगाने दर शंभर रुपयांत उत्तर प्रदेशला जवळपास १८ रुपये, बिहारला १० आणि महाराष्ट्राला ६ रुपये ३२ पैसे दिले. यावर मुंबईत कुरकुर चालते, मीही केलीय. पण २०१६ च्या उन्हाळ्यात माझ्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा कुणी लातूरला म्हटलं नाही की आधी बाजारातून कर्ज काढून दाखवा. (पुढे रेल्वेने चार कोटींचं बिल काढलं आणि त्यावर गदारोळ झाला, पण तोवर पाणी पिऊन झालं होतं.) शिवाय लातूरचं पोरगं पुण्याला जातं, भाषा तीच, भाजीवाल्याशी घासाघीस तीच. अथेन्सचं पोरगं म्युनिकला गेलं की आधी जर्मन शिका. युरोपीय संघाचं सामायिक बजेट सदस्य देशांच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास असतं. एक नाणं, आणि तिजोऱ्या एकवीस, प्रत्येकीला वेगळं कुलूप.

हे बदलतंय, तेही सांगायला हवं. २०१२ च्या जुलैत त्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्राघी यांनी युरो वाचवायला लागेल ते करू असं सांगितलं आणि बाजार शांत झाला. २०२० मध्ये कोविडसाठी सगळ्यांनी मिळून ७५० अब्ज युरोंचा निधी उभारायचं ठरवलं. म्हणजे कुलूप किलकिलं झालंय. पूर्ण उघडलं की मला परत पत्र लिही, माझं मत बदललेलं असेल.

स्वीडनची स्वतःची गंमत अशी की कायद्याने त्याला 'नको' म्हणायची सोय नाही. डेन्मार्कने तशी लेखी सूट घेतली आणि क्रोन मात्र युरोला घट्ट बांधून ठेवला. स्वीडन १९९५ ला संघात आला तो युरो घेण्याच्या कबुलीनिशी. लग्नाला होकार दिलाय, फक्त मुहूर्त काढत नाही. युरोच्या आधी ज्या विनिमय यंत्रणेत दोन वर्षं बसावं लागतं, तिच्यात ते जातच नाहीत. लार्स काल्मफोर्स या अर्थतज्ज्ञांच्या समितीने १९९६ ला सल्ला दिला होता, थांबा. १४ सप्टेंबर २००३ ला सार्वमत झालं. त्याच्या तीनच दिवस आधी युरोच्या बाजूने झटणाऱ्या परराष्ट्रमंत्री आना लिंड यांचा स्टॉकहोममधल्या दुकानात झालेल्या चाकूहल्ल्यानंतर मृत्यू झाला. देश हादरलेला होता. सहानुभूतीने 'हो' जिंकेल असं कित्येकांना वाटलं. लोकांनी शांतपणे जाऊन ५५.९ टक्के 'नको' दिलं. स्टॉकहोम 'हो' म्हणालं, उत्तरेकडचा जंगलाचा, खाणींचा भाग ठाम 'नको'. मला त्या मतदारांचं कौतुक वाटतं. दुःख वेगळं, हिशेब वेगळा.

आणि क्रोना म्हणजे आपली ओळख वगैरे जे तुझ्या ऑफिसात कुणी म्हणत असेल, त्याला हळूच सांग की क्रोना जन्मलाच सामायिक चलनातून. १८७३ ला डेन्मार्क आणि स्वीडन यांनी करार करून एकाच वजनाचा क्रोना आणला, दोन वर्षांनी नॉर्वेही आला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते बिनसलं.

बल्गेरियाचं मला पटलं, कारण त्यांच्याकडे गमावायला काही उरलंच नव्हतं. १९९७ ला महागाईने लेव्हची चिंधी झाल्यावर त्यांनी तो जर्मन मार्काला खिळ्याने ठोकून टाकला. नंतर तीन शून्यं काढली तेव्हा एक लेव्ह म्हणजे बरोबर एक मार्क झाला. म्हणून या जानेवारीत दर काय होता बघ, एका युरोला १.९५५८३ लेव्ह. जर्मनांनी मार्क सोडला तेव्हाचाच आकडा, शेवटच्या अंकापर्यंत. जवळजवळ एकोणतीस वर्षं दुसऱ्याच्या व्याजदरावर जगले, पण तो ठरवणाऱ्या बैठकीत खुर्ची नव्हती. आता खुर्ची मिळाली. स्वीडनने खिळा मारलेलाच नाही. मग का मारायचा, आणि कशासाठी?

'कशासाठी'ला एक उत्तर आहे. २०२२ नंतर रशियाची भीती, २०२४ ला नाटोत प्रवेश. काही जण म्हणतात, आता सगळीकडे आत असलेलं बरं. हे कारण तुला पटलं तर खुशाल 'हो' म्हण, पण मग ते संरक्षणाचं मत आहे हे स्वतःशी कबूल कर. स्पेनची खोली स्वस्त पडावी म्हणून देऊ नको. नवऱ्याला सांग, इकडे हप्ता असेल तर क्रोना चढायची वाट न बघता दरमहा ठरलेली रक्कम पाठव. मी सव्वीस वर्षं चलनं पाहिली, वाट बघणाऱ्यांचंच जास्त गेलं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या लहानपणी निजामाचा हाली शिक्का होता आणि हिंदुस्थानी रुपयाला कलदार म्हणत. हाली गेला तेव्हा आमचे वडील फार चिडले होते, हे आठवतं. तेही युरोसारखंच नव्हे का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्राने माझ्या आजीची आठवण काढली. आमच्या घरी ती 'एकशे सोळा, दहा, आठ' हे पाढ्यासारखं म्हणायची. शंभर कलदार म्हणजे हालीचे एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै. सोपा हिशेब, सात हालीला सहा कलदार. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपल्यानंतरही हाली काही वर्षं चालला आणि १९५० च्या दशकात हळूहळू गेला.

तुमचे वडील का चिडले असतील याचा अंदाज येतो. सत्तर हाली पगार असलेल्याच्या हातात साठ कलदार पडले. कागदावर काही कमी झालं नाही, पण सत्तरचे साठ झाले हे डोळ्यांना दिसतं. आणि आजीची तक्रार दुसरीच होती. बाजारात कोथिंबिरीची जुडी हालीत एक आणा होती ती कलदारातही एक आणाच राहिली. भाजीवाली सातास सहा करायला तयार नव्हती. जर्मनांनी २००२ ला युरोचं नाव 'टॉयरो' पाडलं, टॉयर म्हणजे महाग. आजीला ते ऐकवायला हवं होतं.

पण सारखेपणा तिथेच संपतो. हाली जाऊन कलदार आला तेव्हा मराठवाडा एका देशात गेला. कर, फौज, रेल्वे, दुष्काळाचा पैसा सगळं एकीकडे आलं. त्यातलं आपल्या वाट्याला किती आलं हा मराठवाड्याचा सत्तर वर्षांचा वाद आहे, आणि तो मी तुमच्याशी या सदरात घालणार नाही. निदान वाद घालायला विधानसभा तरी आहे. ग्रीकांना तो बर्लिनशी घालावा लागला, जिथे त्यांना मत नव्हतं.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. मुलाखतीत ब्रिक्सच्या (भारत, चीन, रशिया वगैरे देशांच्या गटाच्या) किंवा दक्षिण आशियाच्या सामायिक चलनाबद्दल विचारलं तर काय सांगावं?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : 'नको' सांगा आणि दोन वाक्यांत कारण द्या. चीन आणि भारताला एकच व्याजदर लावायचा तर तो कुठे ठरणार, हे एवढं विचारलं तरी पुरे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मंडेल यांनी १९६१ ला कसोटी मांडली होती. एका चलनाच्या टापूत माणसं कामासाठी सहज हलतात का, आणि तेजी-मंदी सगळीकडे एकाच वेळी येते का? त्यांना १९९९ ला नोबेल मिळालं. नाव घ्या, पण नावावर थांबू नका.

थांबायचंच तर नेपाळवर थांबा. त्यांचा रुपया १९९३ पासून आपल्याला बांधलेला आहे, आपला एक, त्यांचे एक रुपया साठ पैसे. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपण पाचशे-हजारच्या नोटा रद्द केल्या तेव्हा काठमांडूतही आपल्या नोटा लोकांच्या कपाटांत होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांच्या मध्यवर्ती बँकेकडच्या नोटाही अडकून पडल्या. मोठ्याच्या चलनाला बांधून घेणं काय असतं, याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

प्रश्न : आजोबा बहरीन-कुवेतला जहाजावर जायचे. त्यांच्या ट्रंकेत दहा रुपयांची एक नोट सापडली. नोट रिझर्व्ह बँकेचीच, पण रंग लालसर. खोटी आहे का? तिचं काय करावं?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खोटी नसावी. नंबरच्या सुरुवातीला झेड हे अक्षर आहे का बघा. असेल तर ती आखाती रुपयाची नोट.

तुमच्या आजोबांच्या काळात कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत इथे आपलाच रुपया चालायचा. युरो जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. पण त्या बंदरांतून सोनं चोरून भारतात यायचं, त्याबदल्यात रुपये तिकडे जायचे आणि ते परत आले की रिझर्व्ह बँकेला पौंड मोजावे लागायचे. म्हणून १९५९ ला फक्त आखातात चालतील अशा वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. तुमची नोट त्यातली.

पुढे कुवेतने १९६१ ला आपला दिनार काढला, बहरीनने १९६५ ला. बाकीचे राहिले. ६ जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून एका रात्रीत साडेसात रुपयांवर. आपल्याकडे दुष्काळ होता, परकीय चलन संपलेलं होतं, कारणं आपली होती. दुबईच्या व्यापाऱ्याचा त्यात काय संबंध? पण त्याच्या गल्ल्यातल्या रुपयांची किंमत झोपेतच उतरली. कतार आणि दुबईने त्याच वर्षी आपला रुपया सोडला. ओमानने १९७० पर्यंत धरून ठेवला, का ते त्यांनाच ठाऊक.

बँकेत नेऊ नका, काउंटरवरचं पोर घाबरेल. जुन्या नोटांच्या संग्राहकांत तिला चांगला भाव आहे, तेव्हा विकायची झाली तर दोघातिघांना दाखवून मगच विका. मी असते तर विकली नसती. कडक कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, घडी पडली असेल तर इस्त्री फिरवू नका. आणि लॅमिनेट तर अजिबात करू नका, हात जोडून सांगते.